उन्हाळा रद्द

आमच्या ग्लासगोत कुणी तुमचं तोंडभर कौतुक केलं तर समजावं, एक तर तुम्ही आजारी आहात, नाही तर तो. इथली सगळ्यात वरची पावती म्हणजे ‘वाईट नाही’. लग्नात मला पांढऱ्या झग्यात बघून माझा नवरा अलेक म्हणाला होता, "वाईट नाही दिसत," आणि मी घळाघळा रडले होते. त्याच्या खालची पायरी ‘चालेल’. त्याच्या खाली गप्प बसणं. ‘सुंदर’ आणि ‘अप्रतिम’ हे शब्द आम्ही मयतासाठी राखून ठेवतो.

मी सेंगा. दिवसा औषधांच्या दुकानात उभी असते, संध्याकाळी मिलपोर्ट टँडम नावाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. मिलपोर्ट हे इथलं सहलीचं गाव आणि टँडम म्हणजे दोघांनी चालवायची सायकल. बँडमधली बाकीची मंडळी माझ्या मुलाच्या वयाची आणि राहणीने माझ्या आईच्या काळातली. गाणारा लॉक्लन तर आजोबांचे स्वेटर घालतो आणि घड्याळाला चावी देतो. आमची नवी रेकॉर्ड ‘उन्हाळा रद्द’ आम्ही चर्चच्या हॉलमध्ये जुन्या टेपवर मुद्रित केली, मधोमध एकच मायक्रोफोन ठेवून. ट्रम्पेट लांबून आल्यासारखा वाटावा म्हणून मला कोट टांगायच्या खोलीत उभं केलं. नाकात लोकर जायची, पण बोलते कुणाला. वर लॉक्लनचा हट्ट असा की गाणी फक्त काळ्या तबकडीवर काढायची, इंटरनेटवर एक सूर टाकायचा नाही. म्हणे, उदासपणाला सुई लागते.

गाणी सगळी त्याच्या आईबापाची. जीन आणि बर्टी डेनिस्टून वस्तीतल्या डान्स हॉलमध्ये कसे भेटले, पाऊस कसा होता, शेवटची बस कशी चुकली. जीन जाऊन बरीच वर्षं झाली. बर्टी गोदीतला निवृत्त वेल्डर. पोराच्या बँडबद्दल त्याने आजवर ‘चालेल’सुद्धा म्हटलं नव्हतं.

"सेंगा, एडिनबर्गच्या एका विमा कंपनीत नोकरी मिळतेय," लॉक्लन मला म्हणाला. "शुक्रवारपर्यंत कळवायचंय. रेकॉर्ड ऐकून बाबा ‘वाईट नाही’ म्हणाले तर बँड चालू. नाही तर तू ट्रम्पेट विकून टाक."

"नोकरी तुला आणि ट्रम्पेट मी विकू?"

"बोलायची पद्धत असते."

पण तो गमतीत बोलत नव्हता. गाण्यापायी पस्तिशी गाठली होती पोराने. आता एका माणसाच्या दोन शब्दांवर सगळं अडलं होतं. तबकडी त्याने बापाला नेऊन दिली आणि रविवारी चहाला मला सोबत नेलं. एकट्याची छाती झाली नाही.

बर्टीने खिम्याचा मोठा पॅटिस कापला, वाटाण्यांबरोबर वाढला, खाली बसला. लॉक्लनने विचारलं, "मग? ऐकलीत?"

बर्टीने घसा साफ केला. "अप्रतिम," तो म्हणाला. "फारच सुंदर. मला तुझा अभिमान वाटतो."

बर्टीची बहीण नेटा चहा ओतता ओतता थांबली. "बर्टी, डॉक्टरकडे गेला होतास का?"

"नाही. का?"

लॉक्लनने ताटलीतला वाटाणा न् वाटाणा बाजूला सारला. जिना उतरताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एक तर ते मरतायत, नाही तर रेकॉर्ड इतकी भिकार आहे की त्यांना माझी कीव आली," तो म्हणाला. "विमाच बरा."

माझं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर मी तरातरा बर्टीचे तीन मजले चढले. तबकडी जीनच्या फोटोशेजारी उभी होती. वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघाला नव्हता.

"बर्टी, ही ऐकली कशावर तुम्ही?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "रेकॉर्ड प्लेअर फेकून कैक वर्षं झाली, पोरी. धूळ खात होता. आता या टीव्हीला तोंडी सांगितलं की हवं ते लावतो. तुमच्या बँडचं नाव सांगितलं, तर मिलपोर्टला भाड्याच्या सायकली कुठे मिळतात ते सांगायला लागला."

"मग पोराला तसं सांगायचं ना."

"त्याने इतका जीव ओतला. माझ्याकडे वाजवायला काही नाही हे कोणत्या तोंडाने सांगू? टीव्हीवर एक बाई म्हणत होती, मुलांचं भरभरून कौतुक करावं. केलं."

"कुठली होती बाई?"

"लंडनची."

"मग बरोबर."

काय म्हणावं या बापलेकांना. पोरगा बापाच्या जमान्यात जाऊन बसलाय आणि बाप कधीच तिथून उठून आलाय. मी घरून माझा रेकॉर्ड प्लेअर उचलून आणला. कंबर धरली ती अजून सुटलेली नाही.

पहिली बाजू बर्टीने हाताची घडी घालून ऐकली. दुसऱ्या बाजूला बसचं गाणं लागलं तेव्हा तो उठला आणि पाठ करून खिडकीशी उभा राहिला. गाणं संपलं. "परत लाव," तो म्हणाला. परत लावलं. पुन्हा म्हणाला, "परत लाव." आता काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत बसले, तर नाक शिंकरून विचारतो, "शुक्रवारचा तुमचा कार्यक्रम किती वाजता?"

"आधी फोन करा त्याला."

"तोंडावर सांगेन."

लॉक्लनला मी सारखी सांगत होते की थांब, तर तो म्हणे, नोकरी घेतो असं पत्र लिहून खिशात ठेवलंय. शुक्रवारी बोलिंग क्लबात आमचा कार्यक्रम. माणसं बरी होती, सँडविच संपली. शेवटच्या गाण्यानंतर बर्टी सरळ पुढे आला, अंगात लग्नातला सूट.

"तुझ्या गाण्यात आहे तसा जीनचा कोट निळा नव्हता," तो म्हणाला. "हिरवा होता."

"फोटो काळापांढरा आहे, बाबा," लॉक्लन म्हणाला. "रंग मी अंदाजाने घातला."

"विचारायचं होतं. आणि डान्स हॉलला तीन पायऱ्या नव्हत्या, चढ होता. आणि चिप्सवर व्हिनेगर मी घालत नाही, तुला माहीत आहे. आणि गाण्यात तो ड्रमवाला कुठे निघालाय एवढ्या घाईने?"

एकेक खोट निघत होती तसतसा लॉक्लनच्या चेहऱ्यावर रंग चढत होता. म्हातारा तबकडीतला शब्द न् शब्द ऐकून आला होता.

"आणि शेवटची बस चुकली नव्हती आमची," बर्टी म्हणाला. "बस आली होती. उभीही राहिली. आम्हीच चढलो नाही."

मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू.

"बाकी?" लॉक्लनने विचारलं.

बर्टीने सुटाच्या बाह्या ओढल्या. "बाकी वाईट नाही."

लॉक्लनने खिशातलं पत्र काढलं, त्यालाच नाक पुसलं आणि बापासाठी बिअर आणायला गेला. मी ट्रम्पेट पेटीत घालत होते. सगळ्यांचं भलं झालं होतं, त्यात माझी कंबर गेली होती, तेव्हा मीही जरा हक्काने विचारलं, "आणि ट्रम्पेट कसा वाटला, बर्टी?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अप्रतिम, सेंगा," तो म्हणाला. "फारच सुंदर."

रेकॉर्ड प्लेअर अजून त्याच्याकडेच आहे. आणायला मी काही जाणार नाही.