गुरुवारचं बल

डॉ. गोपीनाथ कर्णिक यांचं सोवळं कडक, पण ते प्रयोगशाळेचं. माजिवड्याच्या त्यांच्या लॅबमध्ये केसांना तेल लावून यायचं नाही, अत्तर नाही, पावडर तर नाहीच नाही. वॉचमन साईनाथने एकदा दाराला लिंबू-मिरची बांधली, तर सरांनी ती तोडून टाकली आणि बिचाऱ्याला अर्धा तास विज्ञाननिष्ठा ऐकवली.

कामच तसं नाजूक. अभ्रकाचा पापुद्रा सोलला की आत जो पृष्ठभाग निघतो, त्याच्याइतकं सपाट जगात फार थोडं. असे दोन पापुद्रे पाण्यात समोरासमोर धरायचे, अगदी जवळ आणायचे आणि ते एकमेकांना किती ढकलतात ते मोजायचं. ढकलतातच ते, सगळ्या पुस्तकांत तसंच आहे.

पण मोजणारं यंत्र निघालं लहरी. लागोपाठ तीनदा बंद पडलं, तेव्हा सरांनी, देव जाणे कुठल्या घटकेला, नाक्यावरून उदबत्तीचा पुडा घेतला. गुरुवारी सकाळी, लॅबमध्ये चिटपाखरू नसताना, झाकण उघडून यंत्राला ओवाळलं. आणि काय हो, यंत्र सुरू झालं! मग दर गुरुवारी सर सगळ्यांच्या आधी हजर. ओवाळून झालं की खिडकी उघडून वास घालवायचे, पुडा ड्रॉवरमध्ये फायलींखाली दडवायचे आणि लोक आले की कुणाच्या तरी बॉडी स्प्रेवरून डोकं उठवायचे.

विठ्ठलवाडीहून येणारी संचिता ही त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. बुधवारी ती पापुद्रे यंत्रात कोरडेच बसवून जायची आणि गुरुवारी पाणी सोडून मोजायची. तर तिचे पापुद्रे ढकलेचनात. उलट लांबूनच एकमेकांकडे झेपावायला लागले. सर हरखून गेले. नवंच बल सापडलं म्हणायचं! बंगळुरूच्या परिषदेत त्यावर भाषण द्यायचंही त्यांनी ठरवून टाकलं.

मग एका गुरुवारी ड्रॉवरमध्ये पुडाच सापडेना. सरांनी फायली उपसल्या, चडफडले आणि तसेच बसून राहिले. त्या दिवशी पापुद्र्यांनी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम एकमेकांना मुकाट ढकललं. आलेख बघता बघता सरांच्या लक्षात आलं. नवं बल कसलं डोंबलाचं, उदबत्तीच्या धुराचा तेलकट थर बसत होता अभ्रकावर.

आठवडाभर ते घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत बसून स्वतःशीच भांडत होते. सांगावं तर इतक्या वर्षांची अब्रू जाते, न सांगावं तर पोरीचा प्रबंध धुरावर उभा राहतो. तिच्या आयुष्याचं वाटोळं व्हायचं. शेवटी त्यांनी ठरवलं, आधी एकदा खात्री करू, मग सांगू. म्हणजे सांगणं आणखी एक दिवस पुढे ढकललं.

गुरुवारी पहाटेच येऊन त्यांनी नवा पुडा फोडला, उदबत्ती पेटवली आणि झाकण उघडलं.

"सर, आज अर्धीच जाळा," संचिता दारातून म्हणाली.

ती शांतपणे आत आली आणि सांगायला लागली. झाकणाच्या कडेला तिला राख दिवाळीतच दिसलेली. पुडा तिनेच लपवलेला, कारण तिला एक गुरुवार बिनधुराचा हवा होता. अख्ख्या उदबत्तीची ओढ मोजून झालेली, शून्य उदबत्तीची झाली, आता अर्धीची राहिली होती. धुराच्या थराने अभ्रक कसं बदलतं, हेच तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं आणि सरांच्या बंगळुरूच्या भाषणाचं नावही तिने तसंच बदलून ठेवलेलं.

सरांनी घसा खाकरला. "आणि परीक्षकांनी विचारलं, लॅबमध्ये उदबत्ती कोण लावत होतं, तर?"

"ते मार्गदर्शकांनी सांगायचं, सर."

सरांनी ओरडायला तोंड उघडलं. पण हातात जळती उदबत्ती घेऊन कुणाला काय बोलणार? त्यांनी ती गुपचूप मधोमध मोडली आणि उरलेला तुकडा कुठे ठेवू, असं तिलाच विचारलं.