याडीच्या पाठीच्या पट्ट्या

मुलांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, तुमच्या पाठीवरून मुंग्यांची रांग चालली आहे. चावत नाहीत, नुसत्या चालताहेत. एक बटण दाबलं की त्या जोरात पावलं टाकू लागतात, परत दाबलं की पुन्हा हळू. आता अशीही कल्पना करा की तुम्ही दहा वर्षांचे आहात, ते बटण तुमच्या हातात आहे आणि पाठ तुमच्या आईची आहे. जमलं? मग तुम्हाला अंजूच्या जागी बसता येईल.

अंजू पांढरकवड्याजवळच्या एका तांड्यात राहायची. आईला ती याडी म्हणे आणि आजोबांना दादा, तिथली सगळी लेकरं म्हणतात तसं. याडीचं नाव जमनी. तिला नववा महिना लागला होता आणि ती फार घाबरलेली होती. अंजूच्या वेळी दोन दिवस कळा चालल्या होत्या. ते दोन दिवस ती अजून विसरली नव्हती. रात्री दिवा मालवला की म्हणायची, "यावेळी मले भेव वाटून राह्यलं, अंजू." दोन दिवसांच्या त्या दुखण्याला आपणच कारण, असं अंजूला वाटायचं. आता काहीतरी केलं पाहिजे, असंही वाटायचं.

ते काहीतरी दिवाळीत आलं, समीक्षामावशीच्या पिशवीतून. मावशी म्हणजे जमनीची धाकटी बहीण. यवतमाळला एका दवाखान्यात पाठ-गुडघे दुखणाऱ्या लोकांकडून व्यायाम करून घ्यायचं तिचं काम. तिनं आणलेलं यंत्र मोबाईलपेक्षाही लहान होतं. त्यातून चार वायरी निघत आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला एक चिकट पट्टी. दोन पट्ट्या पाठीच्या मधोमध लावायच्या, दोन कमरेच्या खाली. यंत्राचं नाव टेन्स. जमनीच्या डॉक्टरीणबाईंना मावशीनं आधीच विचारलं होतं. कळा सुरू झाल्यावर लावा, त्याआधी नको, असं त्यांनी सांगितलं होतं.

"पण याच्यानं दुखनं कसं जाते?" अंजूनं विचारलं.

मावशीला असे प्रश्न आवडायचे. "जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्या लागतेत ना? फाटक एकच. दुखण्याचा मोठा ट्रक आत घुसायले पाह्यते. आपण त्याच्या समोर लहान लहान गाड्यांची रांग लावून द्यायची. या मुंग्या म्हणजे त्या लहान गाड्या. मंग ट्रकले थांबत थांबत यावं लागते."

"म्हंजे येते तर खरा?"

"येते. खोटं कायले सांगू? कोणाले जास्त आराम पडते, कोणाले कमी. पण आपल्या हातात काहीतरी हाये, असं बाईले वाटते. ते बी लहान नाही."

मग मावशीनं तीन गोष्टी अंजूकडून पाठ करून घेतल्या. पट्टी लावायच्या आधी पाठ पुसून कोरडी करायची. काम झालं की पट्टी तिच्या प्लास्टिकच्या कागदावर परत चिकटवायची. आणि तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, कारण तेल लागलं की पट्टी मेली. "अन् हे तुह्या याडीसाठी हाये. दुसऱ्या कोणाले लावायचं नाही. तुह्या भरवशावर ठेवून जातो."

जमनीला बटणांची धास्ती वाटायची. ती लेकीकडे बघून हसली. "बटण तर तूच दाबजो. मी नुसतं म्हणीन, दाब."

बाहेर अंगणात दादांनी हे सगळं ऐकलं होतं. दादांचं नाव गुलाबसिंग. तीस वर्षं त्यांनी नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला होता आणि आता खाटेवर बसून तांड्याला हसवायचं काम ते करत. संध्याकाळी चार माणसं जमली तसे ते सुरू झाले.

"ऐकलं का? सून पाठीले चार्जर लावनार हाये म्हणे! किती टक्के झाली, ते बी दिसते का गा त्याच्यात?"

माणसं हसली.

"आमच्या याडीनं तूर सोंगता सोंगता मले जन्म देल्ला. बांधावर ठेवलं अन् पुन्हा विळा हाती घेतला. हूं का चूं नाही!"

आतून दादी, म्हणजे धनीबाई, ओरडली, "तुमाले कसं ठाऊक? तुमी तर तवा बाहेर येऊन राह्यलते!"

आता माणसं दादांवर हसली. दादाही हसले. घरात त्यांच्यावर कुणी रागावत नसे, आणि अंजू तर नाहीच. ट्रकच्या नंबरांवरून तिला बेरजा शिकवल्या त्यांनी. त्याच रस्त्यावरच्या निर्मलच्या घाटात ब्रेक गेला तेव्हा काय झालं, ही गोष्ट त्यांनी तिला चाळीस वेळा सांगितली होती आणि चाळीस वेळा तिचा श्वास अडकला होता.

दिवाळीची सुट्टी होती. कापसाची वेचणी जोरात होती. दुपारी बाबा आणि दादी शेतात असत, याडी शेजारच्या ओसरीत बायकांबरोबर बाळासाठी गोधडी शिवत बसे. घरी फक्त दादा आणि अंजू. अशाच एका दुपारी दादा खाटेवरून उठायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. तोंडातून शिवी निघाली, मग नुसताच आवाज. तीस वर्षांच्या खड्ड्यांनी त्यांची कंबर खाल्ली होती. दादी रोज सकाळी जवसाचं तेल कोमट करून चोळून द्यायची, पण ते दुपारपर्यंतच पुरायचं.

"अंजू," ते हळूच म्हणाले, "ते मुंग्यांचं डबडं आणतं का जरा?"

"मावशीनं नाही म्हणलं. दुसऱ्या कोणाले नाही."

"मी दुसरा हाओ?"

अंजू आत जाऊन डबडं घेऊन आली. तिनं फडक्यानं त्यांची पाठ पुसली, दोनदा पुसली, आणि पट्ट्या लावल्या. थोड्या वेळानं दादांचा चेहरा सैल झाला. "अरे वा," ते म्हणाले, "पहिल्यांदा पाठीले वाटलं का मी ट्रकमधून उतरलो."

"कोणाले सांगू नको हं," यंत्र परत देताना ते म्हणाले. "मी नाही, तू बी नाही. अन् काही झालंच तर मी हाओ ना. सगळं मी माह्यावर घेईन." अंजूनं मान हलवून शब्द दिला.

दुसऱ्या दुपारी त्यांनी पुन्हा मागितलं. तिसऱ्या दुपारीही. अशा बारा दुपारी झाल्या. दहाव्या दुपारी अंजू म्हणाली, "दादा, पट्टी सुटून राह्यली. पह्यल्यासारखी चिकटत नाही." दादा म्हणाले, "थंडी पडली ना, तिच्यानं होते तसं." दादांना इंजिनातलं सगळं कळायचं, म्हणून तिनं ते खरं मानलं.

मावशी बाळंतपणासाठी पुन्हा आली आणि तिसऱ्या सकाळी कळा सुरू झाल्या. बाबांनी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. गाडी यायला तासभर होता. खोलीत दादी होती, शेजारच्या दोन बायका होत्या. याडी भिंतीला दोन्ही हात लावून उभी होती.

"अंजू, आण," मावशी म्हणाली.

अंजूनं डबा आणला. मावशीनं पाठ पुसली, पट्टी लावली. पट्टी घसरली. दुसरी लावली, ती फरशीवर पडली. मावशीनं ती उचलून नाकाशी नेली आणि थांबली.

"तेल," ती म्हणाली. "जवसाचं. कोणी लावली होती ही?"

तेवढ्यात पुढची कळ आली. याडीनं ओठ चावला, तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला आणि भिंतीवरची तिची बोटं पांढरी झाली. ती थांबत थांबत बोलली, "दाब... अंजू, दाब ना..." आणि दाबायला काहीच नव्हतं.

दार उघडं होतं. दारासमोर खाट होती आणि खाटेवर दादा. अंजूनं त्यांच्याकडे पाहिलं. आता ते बोलतील, असं तिला वाटलं. तिला खात्रीच होती. दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या बाभळीकडे पाहिलं.

"लेकरू हाये," ते बाहेरूनच म्हणाले. "खेळली असन. लेकराच्या हाती मशीन देत असतेत का कोणी?"

दादीनं अंजूचा कान धरला. "खेळनं वाटलं तुले? याडी मरून राह्यली इकडे!"

शेजारणी च्च च्च करू लागल्या. मावशीनं अंजूच्या हातून यंत्र काढून घेतलं. ते दादीनं धरलेल्या कानापेक्षा जास्त लागलं. अंजूनं याडीकडे पाहिलं. याडीनं तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

अंजूनं शब्द दिला होता, म्हणून ती गप्प राहिली.

मावशीनं पट्ट्या ओल्या फडक्यानं पुसून पुसून पाहिल्या. चारांपैकी दोन कशाबशा लागल्या, त्याही वरून कापड बांधून. जमनीनं बटण स्वतःच हातात धरलं. गाडी आली, सगळे गेले. अंगणात दादा आणि अंजू उरले.

"दादा, तू म्हणलं होतं, मी हाओ ना."

दादांनी गळ्यातलं उपरणं काढलं, झटकलं, पुन्हा गळ्यात घातलं. "तुले समजनार नाही, बेटा. सून माह्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही. अन् तिच्या उघड्या पाठीसाठी आणलेली पट्टी सासऱ्यानं आपल्या पाठीले लावली, हे तांड्यात समजलं तर? मी कुठी बसू?"

"मंग मले काहून खेळली म्हणलं?"

"तुह्यावर कोणी किती दिवस रागवन? लेकरू हायेस. दोन दिवसांत विसरतेत." मग ते जरा सरकले आणि खाटेवर जागा केली. "ये. निर्मलच्या घाटातली सांगतो."

अंजू खाटेवर बसली नाही. ती बाभळीखाली जाऊन उभी राहिली. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, तो ब्रेक खरंच गेला होता का?

दिवस कलला तेव्हा बाबांचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

तिसऱ्या दिवशी याडी बाळाला घेऊन घरी आली. पाचव्या दिवशी अंगणात माणसं जमली. दादा गुळाची ताटली घेऊन बसले होते. प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवत ते म्हणत होते, "मशीन-बिशीन काही नाही, हिंमत पाह्यजे. चार्जर तर आमच्या नातीनं आधीच जाळून टाकला. मोठी इंजिनेर होनार हाये!"

सगळे हसले. कुणीतरी हाक मारली, "ए इंजिनेर!" दोन दिवस झाले होते, तीनही झाले होते, आणि कुणीच काही विसरलं नव्हतं. उलट त्याचा विनोद झाला होता.

अंजू आत गेली. मावशी न्हाणीघरात बाळाची दुपटी पिळत होती. याडी बाळाला पाजत होती. अंजू तिच्याजवळ बसली आणि कानाशी जाऊन म्हणाली, "याडी, मी खेळली नाही. दादाची कंबर दुखे, म्हणून..."

"मले माहीत हाये," याडी म्हणाली.

अंजूला आधी बरं वाटलं. मग तिला कळलं की आपल्याला बरं वाटत नाहीये.

"कवापासून?"

"त्याच दिवशी. जवसाचं तेल घरात दुसरं कोण लावते? तुह्या दादीले बी वासावरून समजलं असन, तीच तर चोळते रोज." याडीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "पण सासऱ्याचं नाव मी कशी घेऊ, बाई? तू लहान हायेस. तुह्यावर गेलं तर खपून जाते."

अंजूनं तो हात डोक्यावरून हळूच काढला आणि गोधडीवर ठेवला. म्हणजे दादीनं कान धरला तेव्हा दादीला माहीत होतं. याडीनं तोंड फिरवलं तेव्हा याडीला माहीत होतं. खोलीत एक मावशी सोडली तर घरातल्या सगळ्यांना खरं ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, कारण तिचं डोकं सगळ्यांत लहान होतं.

"कुठी चालली?" याडीनं विचारलं. "अंजू, ऐक. बाहेर माणसं हायेत."

अंजू बाहेर आली. गुळाच्या ताटलीवरून दादांचा हात पुढच्या माणसाकडे चालला होता. ती त्यांच्या खाटेसमोर उभी राहिली.

"दादा, मी मशीनसंगं खेळली नाही. म्या ते तुह्या पाठीले लावून देल्लं. बारा दुपारी. मावशीनं नाही म्हणलं होतं, तरी देल्लं, ते माहं चुकलं. आता तुहं तू सांग."

अंगणात कुणी हसलं नाही. न्हाणीघराच्या दारात मावशी ओलं दुपटं हातात धरून उभी होती. दादांनी बाभळीकडे पाहिलं, तर त्या बाजूला आता दादी उभी होती. ते म्हणाले, "जा, आत जा, बेटा."

अंजू आत गेली नाही. ती तिथंच मातीत मांडी घालून बसली, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि दादा काय सांगतात याची वाट पाहत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.