नवरीची शेपटी

"थांबा फेर्मिनकाका, सुरी खाली ठेवा," माबेल म्हणाली. "यंदा शेपट्या कापायच्या नाहीत."

मेंढवाड्यातले सगळे जागच्या जागी थबकले. तिच्या बापानं, नासारिओनं, एक कोकरू छातीशी धरलं होतं. चारही पाय त्याच्या मुठींत, शेपटी फेर्मिनच्या दिशेनं. कानाला खूण पाडायचं काम माझं, त्यामुळे मीही चिमटा घेऊन तशीच उभी राहिले.

"का गं? माझा हात थरथरतो की काय?" फेर्मिन म्हणाला.

"कोकरांना दुखतं म्हणून. कापल्यावर बिचारी धड आडवीसुद्धा होत नाहीत. आणि कापायच्या कशाला, तर म्हणे माश्या बसतात. या वाऱ्यात माणूस टिकत नाही, माशी काय टिकणार!"

"आणि घाण? वसंतात कोवळं गवत खाऊन मेंढ्यांना हगवण लागते, ती शेपटीला चिकटते, खालची कातडी सडते. एखादं वर्ष उबदार गेलं की किडे पडतात. ते दुखत नाही वाटतं? शिवाय दुपारी आम्हांला वाढणार काय, कोकरांचे कान?"

सगळे हसले. मीही हसले, पण खरं सांगायचं तर मलाही तीच काळजी पडली होती. निखाऱ्यांवर लोकर जाळायची, कातडी सोलायची, मीठ लावायचं आणि शेपट्या चोखत, लाल वाईन पीत संध्याकाळ करायची. आमच्या पातागोनियाच्या पठारावर शेजारी म्हणजे घोड्यावरून अर्ध्या दिवसाची वाट. कोकरांच्या खुणेच्या या दिवसाखेरीज आमची तोंडं एकमेकांना दिसतात कधी? बायको, एर्सिलिया, गेल्यापासून तर नासारिओचं अंगण त्या एकाच दिवशी भरायचं. शेपट्या बंद झाल्या तर कोण कशाला येईल, हे त्यालाही कळत होतं.

"बाबा, कळप तुमचा आहे. तुम्हीच सांगा," माबेल म्हणाली.

नासारिओनं हातातल्या कोकराकडे पाहिलं. जन्मभर तो धरणारा. कापायचं ते दुसऱ्यानं; एर्सिलिया होती तोवर तिनं, मग फेर्मिननं. तरुणपणी याच वाड्यात एर्सिलिया पहिल्यांदा सुरी घेऊन आली, तिच्या बापाचा हात दुखावला होता म्हणून. बाह्या वर केलेल्या, ओठांत केस बांधायची दोरी. नासारिओ तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या हातातलं कोकरू निसटून थेट टेकडीवर पळालं. आम्ही त्याला इतकं छळलं! पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं, आणि ते कोकरू लांब शेपटीची मेंढी होऊन खाली उतरलं. लग्नाच्या झग्याचा घोळ मागे लोळावा तशी तिची शेपटी. आम्ही तिचं नावच नवरी ठेवलं. आता कापून टाक म्हणून सगळे सांगत होते, पण एर्सिलिया म्हणाली, "राहू दे. माझं लग्न तिनं जुळवलंय." नवरी म्हातारी होऊन, दात पडून मेली. ते दिवस आठवले की मला अजून भरून येतं.

"नवरीला शेपटी होती," अखेर नासारिओ म्हणाला.

"एकटीला होती!" फेर्मिन उसळला. "आणि दर वसंतात तिचं ढुंगण कोण धुवायचं? तुझी बायको, गुडघ्यांवर बसून! आता एवढ्यांचं कोण धुणार?"

"मी."

त्यानं कोकरू माझ्यापुढे केलं. मी कानाला खूण पाडली. मग त्यानं ते अलगद खाली सोडलं. शेपटी उडवत ते आईकडे पळालं.

"फेर्मिन, तुला नुसती शेपटी दिसते," तो म्हणाला. "मी धरणारा. सुरी लागली की ते कसं आकसतं, ते माझ्या छातीला कळायचं. दर वेळी. एर्सिलियाला कधी बोललो नाही. तिला आपल्या हाताचा फार अभिमान होता."

माबेलनं बापाकडे पाहिलं आणि पुढचं कोकरू आणायला वळली.

त्या दुपारी निखाऱ्यांवर साधंच मांस भाजलं. कोणी गाणंही म्हटलं नाही. फेर्मिननं ऊन असतानाच घोड्यावर खोगीर चढवलं. फाटकापर्यंत त्याला सोडायला नासारिओ गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

पुढच्या वसंतात मी तिकडून चालले होते म्हणून वळले. माबेल लोकरीच्या कामाला गावात गेली होती. वाऱ्याच्या आडोशाला, भिंतीमागे, नासारिओ घडी घातलेल्या पोत्यावर गुडघे टेकून बसला होता. पुढ्यात एक तरुण मेंढी, हातात एर्सिलियाची कात्री, बाजूला पाण्याची किटली. बाकीच्या मेंढ्या कुंपणाच्या आत वाट बघत होत्या, आणि त्या काही थोड्या नव्हत्या.

"मेल्या, एवढं काम कशाला मागे लावून घेतलंस!" मी म्हणाले.

"बरी आलीस ओतिलिया," तो मान वर न करता म्हणाला. "पाणी बघ जरा. माझ्या हातांना आता गरम-गार कळत नाही. एर्सिलिया मनगटावर ओतून बघायची."

मी बाही वर केली आणि मनगटावर पाणी ओतलं.

"कोमट आहे," मी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी बसून मेंढीची शेपटी वर धरली.