परसातल्या डोणीने पाहिलेली दुपार

दगडी डोणी तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली असेल, कोण जाणे. मित्रांनो, मी तशीच एक आहे. जुनी, काळ्या पाषाणाची, पाणी साठवायची, एखादं माणूस पाय दुमडून आत बसू शकेल एवढी मोठी. आता मी उपडी पडले आहे. माझ्या पाठीवर दुपारी कुत्री झोपतात. पण एके काळी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्यांच्या बंगल्यांमध्ये माझ्यासारखी डोणी दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

जोतिबाच्या डोंगराकडच्या एका खाणीत मी जन्मले. पाथरवटाने मला आतून कोरलं, तेव्हा प्रत्येक घावाबरोबर ठिणग्या उडत होत्या. काठावर त्याने कमळाची वेल काढली. बैलगाडीतून मला शहरात आणलं, तेव्हा चाक रुतलं म्हणून गाडीवान माझ्या नावाने शिव्या देत होता, तेही मला आठवतं. बंगल्याच्या परसात, विहिरीजवळ मला बसवलं. एका बाजूला स्वयंपाकघराची पायरी, दुसऱ्या बाजूला गुळाच्या गोदामाचं मागचं दार. म्हणजे घर आणि व्यापार, दोन्हींच्या मधोमध मी.

शेजारच्या बंगल्यांतल्या बायका मला पाहायला यायच्या. "अगंबाई, पाणी किती गार राहतं हिच्यात!" असं म्हणून हात बुडवायच्या. ते दिवस खरोखर सुखाचे होते. पहाटे विहिरीचा रहाट कुरकुरायचा आणि मी काठोकाठ भरायचे. पाणी भरायला गडमुडशिंगीहून अंबूबाई येई. तिचा नवरा जोतीराम आमच्याच गोदामात हमाल होता. गुळाचा अख्खा रवा, म्हणजे भली मोठी ढेप, तो असा उचलायचा, जसं आपण झोपलेलं मूल उचलतो. दुपारी भाकरी खाल्ल्यावर माझ्याच पाण्याने तो हात धुवायचा आणि वर अंबूबाईला म्हणायचा, "पानी लई गोड हाय बग. तुज्या हातचं हाय म्हनून न्हवं, डोनीचं हाय म्हनून."

"मग डोनीलाच नांदव की," अंबूबाई म्हणायची.

घरचे मालक नृसिंहराव. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटे भाऊ अप्पा, त्यांची बायको आणि मुलगा त्याच घरात राहत. आणि दोघांची थोरली बहीण आक्का. तरुणपणीच विधवा होऊन ती माहेरी परतली होती. दोन्ही भावांना तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. अण्णा तापट होते, अप्पा शांत. अप्पांचं देवाधर्माचं फार. आंघोळ केल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नसत, आणि देवघरासमोरून पारोसं कुणी गेलेलं त्यांना खपत नसे. घराची रचना अशी होती की परसातून आत जायचं तर देवघरावरूनच जावं लागे.

ज्या वर्षाची गोष्ट मी सांगते आहे, त्या वर्षी देश स्वतंत्र व्हायला काही महिने उरले होते. आमच्याकडे अजून संस्थान होतं. अण्णांनी दत्तक घ्यायचं ठरवलं. अप्पांना वाटत होतं, आपलाच मुलगा दत्तक जाणार. पण अण्णांनी नेसरीच्या चुलत भावाचा मुलगा पसंत केला. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. एकदा ते दत्तकविधान झालं असतं, तर गोदाम, बंगला, पेढी, सगळ्यावर त्या मुलाचा हक्क लागला असता.

परसात दोघा भावांचं त्यावरून बोलणं झालेलं मी ऐकलं आहे.

"घरातलं पोर सोडून तुम्ही बाहेरचं आणता, अण्णा?"

"तुझं पोर तुझंच राहू दे. मला माझं पाहिजे. बोलणं संपलं."

अप्पांनी वाकून माझ्यातलं पाणी घेतलं आणि चूळ भरली, एवढंच.

मुहूर्ताला थोडे दिवस उरले असताना ती दुपार आली. चैत्र सरत आला होता. अंगणात आक्काने कुरडया वाळत घातल्या होत्या आणि ती पडवीच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. हमाल बाहेर झाडाखाली जेवायला गेले होते. सकाळीच जोतीरामाच्या हातून एक रवा निसटून फुटला होता, आणि अण्णा त्याला सगळ्यांदेखत बोल बोल बोलले होते. जोतीरामानेही उलट उत्तर दिलं होतं. ते आळीभर ऐकू गेलं होतं. जेवण झाल्यावर अण्णा एकटेच गोदामात गुळाच्या थप्प्या बघायला गेले.

काही वेळाने गोदामात काहीतरी जड कोसळल्याचा आवाज झाला. गुळाच्या गोदामात असे आवाज होतातच. आक्काने मानही वळवली नाही.

मग गोदामाचं मागचं दार उघडलं आणि अप्पा बाहेर आले. ते स्वयंपाकघराच्या पायरीकडे निघाले. एक पाय पायरीवर ठेवला. आणि ते थांबले. तो पाय त्यांनी मागे घेतला, वळून माझ्याकडे आले, तांब्या बुडवला आणि नेसल्या धोतरानिशी, अंगातल्या सदऱ्यानिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. पुन्हा ओतलं. पुन्हा. त्यांचा हात माझ्या काठाला लागला. मी दगड, पण मला गारठल्यासारखं झालं.

"अरे, ही काय वेळ? आणि कपड्यांसकट?" आक्का पडवीतून हसली. "लहान आहेस काय आता?"

"उकडतंय गं, आक्का."

निथळत्या अंगानेच ते आत गेले. पायरीवर ओली पावलं उमटली आणि उन्हाने लगेच वाळून गेली. एक कावळा कुरडया उचलून गेला.

मग हमाल जेवून परतले आणि गोदामातून जोतीरामाची आरोळी आली. "धावा! मालक गुळाखाली हायती!" त्यानेच हाताने रवे बाजूला फेकले. पण अण्णा कधीच गेले होते. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, थप्पी नंतर पाडलेली आहे. आधी कापडाने गळा आवळला आहे.

संध्याकाळी स्मशानातून सगळे परतले. घरच्या, आळीच्या माणसांनी माझ्याच पाण्याने, अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळी केल्या. आमच्याकडे मयताला शिवलेला माणूस असाच न्हातो आणि मगच उंबरा ओलांडतो. अप्पाही न्हाले. आक्का पडवीच्या खांबाला धरून उभी होती. अप्पांनी डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा तिचे डोळे एकदम त्यांच्यावर खिळले. मग ते माझ्यावर आले. मग तिने पदर तोंडात धरला. लोकांना वाटलं, ती भावासाठी रडते आहे.

त्या वेळच्या अंमलदारांनी चौकशी केली. दिवाणखान्यात बसून पुरुषमाणसांचे जबाब झाले. मोठ्या घरच्या बायकांना काही विचारायची रीत नव्हती, त्यामुळे परसात कुणी आलंच नाही. सकाळचं भांडण सगळ्यांना आठवलं आणि जोतीरामाला धरून नेलं. पावसाळा लागेपर्यंत तो कोठडीत होता. पुरावा मिळाला नाही म्हणून सुटला, पण वाकून चालू लागला होता. पुढे एकाही गोदामाने त्याला काम दिलं नाही. तो गडमुडशिंगीला दुसऱ्याच्या शेतात राबू लागला.

आश्चर्य एवढंच की आक्काने अंबूबाईला कामावरून काढलं नाही. आळीतल्या बायका कुजबुजत, "खुन्याच्या बायकोच्या हातचं पाणी पितात म्हणे!" आक्का ऐकून न ऐकल्यासारखं करी. ती स्वतः मात्र माझ्याजवळ येईनाशी झाली. तिचं पाणी अंबूबाईच आत नेऊन देई. माझ्या वेलीवर शेवाळ चढलं. ते कुणी घासलं नाही. घरात अप्पांचा शब्द चालू लागला. ते दर अमावस्येला अन्नदान करत, आणि लोक रस्त्यात थांबून त्यांना नमस्कार करत. नेसरीचा मुलगा कधी आलाच नाही.

चार वर्षं गेली. संस्थान मुंबई राज्यात गेलं, पोलीस नवे आले. साताऱ्याकडचे एक फौजदार, सयाजीराव, यांच्याकडे न उलगडलेली जुनी प्रकरणं आली. त्यात आमचंही होतं. ते सगळी जागा स्वतः पाहत परसात आले आणि टोपी काढून माझ्या काठावर बसले. आळीतले बडे व्यापारी बाळासो त्यांच्याबरोबर होते.

"साहेब, जुनी मढी कशाला उकरताय?" बाळासो म्हणाले. "हमालाचं काम हाय. अख्ख्या पेठेला ठावं हाय की."

"ठाऊक असून चालत नाही, शेठ. कोर्टात उभं करायला पाहिजे. या खेपेला सुटणार नाही तो."

"मग काय, फासावरच?"

"ते न्यायाधीश ठरवतील."

विहिरीवर अंबूबाई होती. तिच्या हातातला दोर सुटला आणि घागर खाली पाण्यावर आदळली. ती तडक पडवीत गेली. चार वर्षांत ती आक्काशी कधी मोठ्याने बोलली नव्हती.

"ऐकलंसा न्हवं, आक्का? उद्या शिपाई न्यायला येनार त्यास्नी."

आक्का तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

"सगळ्यांनी मला दारातनं हाकललं, आनि तुमी चार वरसं भाकरी दिलीसा. का दिलीसा? दया आली म्हनून? का तुमास्नी काय ठावं हाय म्हनून?"

"अंबू, घागर पडली तुझी. गळ टाकून काढ जा."

"काढतो की. घागर काढायला येतीया, आक्का. मानूस एकदा गेला की कुठला गळ टाकायचा?"

अंबूबाई गेली. आक्काच्या सुपातले तांदूळ निवडून झाले होते, तरी तिची बोटं फिरतच होती. तिचा एक भाऊ चितेवर जळून गेला होता. दुसरा आत देवघरात घंटा वाजवत होता. त्या दोघांनाही तिने एकाच पाळण्यात निजवलं होतं. आणि तिसरा, तिच्या नात्याचा ना गोत्याचा, गडमुडशिंगीत उद्याची वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार जोतीरामाला घेऊनच आले, बरोबर बाळासोही होते. गोदामात तो कुठे उभा होता, रवे कसे पडले होते, ते त्याच्याकडून करवून घ्यायचं होतं. त्याच्या हातात बेड्या होत्या. अप्पा सोवळं सोडून, सदरा घालून परसात आले आणि फौजदारांना म्हणाले, "चहा आणवू का, साहेब?"

तेवढ्यात पडवीतून आक्का खाली उतरली. ती सरळ माझ्यापाशी आली आणि तिने माझ्या काठावर हात ठेवला.

"आक्का, आपल्याला त्रास द्यायचा नाही," फौजदार पुढे होऊन म्हणाले. "आपण आत बसावं."

"आतच बसले होते इतकी वर्षं. साहेब, एक विचारू? तुमच्याकडे मयताला शिवलेला माणूस तसाच घरात येतो?"

"छे. आंघोळीशिवाय नाही. नेसल्या वस्त्रानिशी न्हावं लागतं."

"आमच्याकडेही तसंच." आक्का अप्पांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. पोराला जेवायला बोलवावं तसाच होता. "अप्पा, इकडे ये. जोतीरामाने हाक मारली, त्याच्या आधी तू गोदामातून आलास. पायरीवरचा पाय मागे घेतलास, आणि इथं धोतरासदऱ्यानिशी न्हालास. अण्णा गेल्याचं तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. मग कुणाचं सुतक न्हालास, बाळा?"

"उकडत होतं, आक्का. तेव्हाच सांगितलं नव्हतं मी?"

"उकडत होतं तर सदरा काढून न्हाला असतास."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. बाळासोंकडे पाहिलं. ते काहीतरी बोलतील, हसून उडवून लावतील, असं सगळ्यांना वाटलं. पण आक्काच्याच हाताखाली वाढलेलं ते माणूस. तिच्यासमोर खोटं बोलायचं झालं की अप्पांची मान लहानपणापासून खाली जायची. ती आताही गेली.

"देवघरावरून जायचं होतं गं," ते म्हणाले. "तसाच कसा जाणार?"

शिपायाने फौजदारांकडे पाहिलं आणि मग जोतीरामाच्या बेड्या काढल्या. त्या काढताना जोतीराम हात पुढे करायचंच विसरला होता. अंबूबाईने विहिरीवरून येऊन त्याचे हात धरून पुढे केले.

अप्पांना जन्मठेप झाली. आक्काने त्यांचं नाव घरात घेऊ दिलं नाही, आणि त्यांच्यासाठी तुरुंगात लाडू पाठवायचंही कधी थांबवलं नाही. आळीने आक्काकडे येणं जाणं बंद केलं. हळदीकुंकवाला अप्पांच्या बायकोलाही कुणी बोलावेना. बाळासो म्हणाले, "घरची गोष्ट घरात ठेवायला येत न्हाई, कसली बाई म्हणायची!" काही वर्षांनी बंगला विकला गेला. मला उचलताना माझा एक कोपरा फुटला, कमळाची अर्धी वेल गेली, आणि मला कुंपणाबाहेर लोटून दिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू फोडू नका, असं मी तुम्हाला सांगणारच आहे. मला सरळ करा, घासा, चिमण्यांसाठी पाणी भरा, मला आनंदच होईल. पण मी दगड आहे, थोडी थांबू शकते. माणसाचं नाव तुमच्या तोंडून खराब झालं असेल, तर ते आधी स्वच्छ करा. जोतीराम सुटला हे सगळ्या पेठेला कळलं होतं. तरी ज्यांनी त्याला खुनी म्हटलं, त्यांच्यातला एकही माणूस त्याच्या दारात जाऊन "चुकलो" म्हणाला नाही. तो म्हातारा होऊन गेला, तोवर नाही.

आणि गडमुडशिंगी इथून काही लांब नाही.