खांद्यावरचे बिल्ले, दिव्याखाली

श्रीरामपूरच्या एलियाकाकांकडे एकूण त्रेचाळीस कापडी बिल्ले होते: सव्वीस लोकरीचे, सतरा सुती; लोकरीच्यांपैकी चौदांना कसर लागलेली. दुसऱ्या महायुद्धात शिपाई कुठल्या तुकडीचा, हे खांद्यावरच्या या बिल्ल्यावरून कळे. एक बिल्ला काकांच्या वडिलांचा, ब्रह्मदेशातून त्यांच्या अंगावरच आलेला. बाकीचे काकांनी मास्तरकी करता करता चाळीस वर्षांत नगरच्या जुन्या बाजारातून आणि फौजींच्या घरांतून जमवले. रविवारी संग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं. वडिलांचा बिल्ला एकदा चार लोकांनी पाहावा म्हणून काकांना तिथं एक टेबल हवं होतं.

शनिवारी दुपारी मंडळाचे अध्यक्ष कल्याणराव तपासणीला आले. नियम त्यांचाच: अतिनील दिव्याखाली दोनपेक्षा जास्त बिल्ले चमकले, तर ते नकली आणि टेबल रद्द. चमक देणारं रसायन युद्धकाळच्या धाग्यात नसतं. मी शेजारची, रसायनशास्त्रात एम.एस्सी., म्हणून दिवा माझ्या हातात.

खिडक्या लावल्या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस चमकले.

"मास्तर, सगळे कालच्या मशीनवरचे!" कल्याणराव म्हणाले.

काकांनी वडिलांचा बिल्ला उचलला. "माझ्या बापाचा बी?"

आतून दीनाकाकू आल्या. "चमकनार न्हाई तर काय? दोन दिस पावडरीत भिजवून घासलेत. लोक बघाया येनार, अन् ऐंशी वर्षांचा मळ तसाच ठिवायचा व्हय?"

मी दिवा कल्याणरावांकडे वळवला. त्यांचा पांढरा शर्ट निळाजांभळा पेटला. "कपडे धुवायच्या पावडरीत तेच रसायन असतं. धुतलेल्या कापडावर ही चाचणी काहीच सांगत नाही."

"बायकांच्या हाती वारसा दिल्यावर हेच व्हायचं," कल्याणराव म्हणाले. "माझे साठ बिल्ले बघा, उद्यासाठी गाडीतच आहेत. ऐंशी वर्षांत पाण्याचा थेंब नाही. विकणाऱ्याची लेखी हमी आहे!"

"मग आना की गाडीतनं," काकू म्हणाल्या. "बिनधुतलेलं कसं दिसतं, आमाला बी कळंल."

"आणतो. दोनपेक्षा जास्त चमकले, तर प्रदर्शनातलं माझं मधलं टेबल मास्तरांचं!"

त्यांनी पेटी आणली, स्वतः उघडली. मी एकेक बिल्ला दिव्याखाली धरत गेले. काकांनी वहीत नोंद केली.

साठपैकी अठ्ठावन्न चमकले.