माझंही दार आहे
इकडे हिंदी मुलखात, दौलतगंजात आमच्या गल्लीत मराठी घरं उरली मोजकीच, पण निवडणूक आली की सगळ्यांना आमची आठवण येते. यंदा पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या निवडणुकीला मंदाताईंची सून अश्लेषा उभी राहिली. पोरगी गुणाची आहे, नाव ठेवायला जागा नाही. सासू-सुना दारोदार निघाल्या आणि मंदाताईंनी त्यातही आपला रिवाज घुसवला. हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यावं तसं दारात आधी बाईला कुंकू लावायचं, मग हातात प्रचाराचा पर्चा द्यायचा.

मी सकाळपासून वाट बघत होते. चहाचं आधण ठेवलं होतं. तुंबलेली नाली, नळाचं घाण पाणी, काय काय सांगायचं ते मनात पक्कं केलं होतं. शेजारी शालिनीताईंकडे दोघींचं बोलणं ऐकू आलं, हसणं ऐकू आलं. मग पावलं माझ्या दारावरून सरळ पुढे गेली.

आमचे कृष्णराव गेल्यापासून हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नाही. ते मी गिळलं बाई, चार माणसांत राहायचं म्हणून गिळलं. पण आता मतसुद्धा नको? अंगाचा असा तिळपापड झाला! गॅस बंद केला, पायात चपला अडकवल्या आणि टोपी बाजाराच्या तोंडाशी दोघींना गाठलंच.

"मंदाताई, मत काय कुंकू लावून देतात का हो?" मी विचारलं.

मंदाताईंचा चेहरा उतरला. करंडा घेऊन तुमच्या दारात उभं राहायचं तरी कसं, तुम्हालाच वाईट वाटेल, म्हणून पुढे गेलो, असं काहीतरी पुटपुटल्या. जसं काही टाळल्याचं मला फार बरं वाटलं होतं! अश्लेषाला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. घरात कोणी नसेल, असं तिला सासूने सांगितलं होतं.

"सॉरी काकू, सच में मुझे पता नहीं था," ती हिंदीवर घसरली. मग माझा हात धरून म्हणाली, "तुम्हाला काय हवंय ते सांगा ना."

नाली, नळ, सगळं पाठ होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"संक्रांतीला मला बोलवा."

अश्लेषा सासूकडे बघत राहिली. मंदाताईंनी करंड्याचं झाकण लावलं. मला वाटलं, झालं, आता गोलमोल बोलून सटकणार. त्यांचे जयसिंहराव कधीपासून अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनीही हात टेकलेत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. रागाच्या भरात माझ्याच ध्यानात राहिलं नव्हतं.

"बोलावते," त्या हळूच म्हणाल्या. "पण विजयाबाई, तोवर मीच तुमच्यासारखी झाले, तर मला कोण बोलावणार?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. भर बाजारात मी त्यांना जवळ घेतलं, लोक बघत होते तर बघू देत.

"मी बोलावीन," मी म्हटलं. "यंदा हळदीकुंकू माझ्या घरी करू."