शिरेवरून करवत

माझ्या शेडमध्ये कुजक्या अंड्यांचा वास कायमचा मुक्कामाला असतो. करवतीखाली दगड आला की त्याच्या पोटातला गंधक बाहेर पडतो आणि केसांत घर करतो.

डोंगरात भोक पाडून काढलेल्या दगडाच्या कांड्या मी उभ्या चिरते. अर्धी कांडी तपासणीला जाते, अर्धी पेटीत राहते. काम लावलं धाकट्या भावानं. तो इथला भूवैज्ञानिक. मी त्याला वाढवलं, त्यानं मला दगड वाचायला शिकवलं.

"खाली शिलारस निवायला लागला, की त्यातलं पाणी वेगळं होतं, ताई. तांबं, सोनं, गंधक घेऊन ते वर धावतं, माथ्यावरचा खडक फोडतं आणि फटींत सगळं टाकून देतं."

"म्हणजे पृथ्वीला अजीर्ण झालं आणि ती ओकली."

"त्याच ओकारीच्या बांगड्या घालता तुम्ही बायका."

आणि चकाकी दिसावी म्हणून तो दगडच चाटायचा. शी.

आजवरच्या कांड्या कोऱ्या निघाल्या होत्या. या कांडीला मात्र एका कडेनं गारगोटीची पांढरी शीर होती, तिच्यात तांब्याच्या खनिजाचे पितळी ठिपके. अशी शीर आली की करवत बरोबर तिच्यावरून न्यायची, म्हणजे दोन्ही अर्ध्यांत सारखी वाटणी होते. भावानं दगड चाटला आणि शीर एकाच अर्ध्यात येईल असा पकडीत फिरवून बसवला.

"अशी काप."

"अख्खी शीर तपासणीला जाईल."

"जाऊ दे. वरच्यांना तांब्याचा मोठा आकडा हवाय. नाहीतर हे भोक बंद आणि मी घरी."

"आणि खाण खणल्यावर काही निघालं नाही तर?"

"तोवर मी दुसरीकडे असेन. खणणारे बघतील."

लहानपणी त्याचा शेंबूड, उलट्या, पिकलेली गळवं मी उघड्या हातांनी पुसली, कधी नाक मुरडलं नाही. आज त्याच्या ओठांवरचा दगडाचा राखाडी लगदा बघून मी मान वळवली.

मी कांडी परत फिरवली, पाणी सोडलं आणि करवत शिरेवरून नेली. दोन्ही अर्ध्यांवर ठिपके सारखेच, बेताचे.

"पोटावर पाय दिलास, ताई."

"जेवायला घरी ये. वाढीन मी. पण आज माझ्या शेजारी बसू नकोस."

त्यानं एक अर्धी कांडी पिशवीत टाकली आणि माझ्याकडे न बघता दोरी आवळली.